गावात पेट्रोल, रस्त्याला बॅटरी

सकाळी शाळेची पिशवी घेऊन मी खाली उतरायचे तेव्हा आप्पा गाडीभोवती फिरत असायचे. गुडघ्यावर हात ठेवून वाकायचे, चारही चाकांखाली बघायचे, मागच्या बाजूला मांजर झोपलंय का ते बघायचे, चार्जिंगचं झाकण अंगठ्यानं दाबून बघायचे. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. डोळ्यांवरची झोप गेलेली नसायची आणि कुठंतरी एकदाचं बसायला मिळावं एवढंच वाटायचं. पण फेरी पूर्ण झाल्याशिवाय आप्पा दार उघडत नसत.

"आप्पा, आत्ताच तर बघितलं तुम्ही तिकडून," मी एकदा वैतागून म्हणाले.

"तिकडून बघितलं, बाई. मांजर इकडून येतंय."

आप्पा आमचे घरमालक. जालन्यात मस्तगडला त्यांचं घर. खाली ते आणि त्यांच्या बायको, माई. वर भाड्यानं मी आणि माझ्या सासूबाई. नवरा चाकणला कारखान्यात, महिन्यातून एकदा यायचा. सासूबाईंची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेलेली, वाचाही गेलेली. दिवसभर माई वर-खाली करून त्यांच्याकडं बघायच्या, म्हणून माझी नोकरी चालली होती. नोकरी केदारखेड्याच्या शाळेत. आप्पांची जमीनही केदारखेड्यालाच, बापजाद्यांपासूनची. थोडी मोसंबी, थोडी कपाशी आणि शेडनेटमध्ये मिरचीचं बियाणं. ते रोज सकाळी जायचे आणि माझी शाळा सुटली की परतायचे. मी एसटीनं जायचे, बहुतेक वेळा राजूरपर्यंत उभ्यानं. ते बघून माईच एक दिवस म्हणाल्या, "यांच्या संगं जात जा की. रिकामीच तर जाती गाडी."

मला वाटलं, सुटले. पण आप्पांच्या गाडीत बसणं हे एक वेगळंच काम निघालं.

पट्टा मागच्या सीटवरही लावायचा. फोन पिशवीत, पिशवी पायाशी. गाडी मागं घेताना कुणी बोलायचं नाही, खोकलासुद्धा आवरायचा. आमच्या शाळेतले एक सर एकदाच आमच्याबरोबर आले. वाटेत त्यांनी स्पीकरवर मोठमोठ्यानं फोन सुरू केला. आप्पांनी गाडी हळूच बाजूला घेऊन उभी केली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सरांना आधी कळलंच नाही.

"काय झालं, आप्पा?"

"काही न्हाई. तुमचं होऊ द्या. दोन कामं संगंच करायला आपल्याला जमत न्हाई."

सर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोटारसायकलवर.

गाडी मुळात आप्पांच्या मुलीची. ती मुंबईत होती. जावयांना परदेशात नोकरी लागली तेव्हा गाडी विकायची ठरली. आप्पा म्हणाले, इकडं आणून लावा. मुलगी म्हणाली, "आप्पा, ती साधी गाडी नाहीये, प्लग-इन हायब्रिड आहे. तुम्हाला नाही जमणार." या एका वाक्यामुळं गाडी जालन्याला आली. तिच्याबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक आप्पांनी मुलीकडून फोनवर मराठीत वाचून घेतलं, रोज थोडं थोडं. परदेशात तिची सकाळची घाई चाललेली आणि इकडं आप्पा विचारताहेत, "मंग त्या नारिंगी तारेचं काय म्हणलंय?" बॉनेटखालची नारिंगी तार जास्त दाबाच्या विजेची, तिला कुणीही हात लावायचा नाही, हे त्यांनी तेव्हापासून इतक्या लोकांना सांगितलं की मस्तगडच्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांना पाठ होतं.

मला त्यांनी गाडी समजावून सांगितली ती अशी. "ही दोन्हीवर चालती. रात्रभर प्लगला लावली की बॅटरी भरती, तेवढ्यावर केदारखेडं येतं. तिथं शेतात परत लावली की जालना येतं. मधीच बॅटरी सरली तर पेट्रोलचं इंजन आपसूक चालू व्हतं, आपण रस्त्यात बसत न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "पण बॅटरीवर असली की बिलकुल आवाज न्हाई. गप हाय म्हंजी बंद हाय, आसं समजायचं न्हाई. त्यात मी फसून बसलोय."

ते कसे फसले हे मला माईंनी सांगितलं. गाडी नवीन आली तेव्हा शेताच्या फाटकापाशी आप्पा कडी काढायला उतरले. आवाज नाही म्हणजे गाडी बंद, असं समजून. गाडी चालू होती आणि गिअरमध्येही होती. ती त्यांच्या शेजारून चालत चालत पुढं गेली, अर्धवट उघडं फाटक ढकललं आणि शेडनेटमध्ये शिरली. मिरचीच्या दोन ओळी गेल्या, जाळी गाडीवर पडली. "हे मागून पळतायत आणि म्हणतायत, अगं थांब, अगं थांब," माई सांगायच्या आणि पदरात तोंड लपवून हसायच्या.

तेव्हापासून आप्पा उतरण्याआधी मोठ्यानं म्हणायचे, "पी. ब्रेक. बंद." गिअर पार्किंगला, ब्रेक लावला, गाडी बंद केली. मग किल्ली उजव्या हातात वर धरून मलाही दाखवायचे. मी कितीही दमलेली असले तरी मान हलवावी लागायची. नाही हलवली तर पुन्हा पहिल्यापासून.

शेतातल्या खोलीत चार्जिंगसाठी त्यांनी वेगळी तार ओढून घेतली होती, बोर्ड वेगळा, अर्थिंगही वेगळं. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगच्या खड्ड्यात रोज घागरभर पाणी ओतायचे. प्लग लावला की थोड्या वेळानं परत जाऊन त्यावर तळहात ठेवायचे, तापलाय का बघायला. आजारी लेकराच्या कपाळाला हात लावावा तसा. शेजारच्या शेतकऱ्यानं एकदा विहिरीवरच्या मोटारीची जोडवायर दिली, म्हणाला, लांब लावा गाडी सावलीत. आप्पांनी ती वायर त्याच्याच हातात परत ठेवली. "गाडी उन्हात ऱ्हाईल. तुझी वायर जळली तर माझी खोली जाईल आणि संगं तुझा ऊस."

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. शाळा, सासूबाईंचं अंथरूण, औषधं, वह्या तपासणं, आणि त्यात हा माणूस प्रत्येक वळणावर गाडी हळू करणारा. एकदा भादव्यात ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं, फार नाही, घोट्याच्या वर. आमच्यासमोर एक जीप गेली, एक टेम्पो गेला. आप्पा अलीकडंच थांबले. मी म्हणाले, "आप्पा, सगळे जातायत. मला हजेरी आहे."

"ते गेले हे दिसलं मला. पाण्याखाली फरशी किती ऱ्हायली ते मला बी दिसंना आणि त्यांना बी दिसलं न्हाई."

पाणी उतरेपर्यंत आम्ही तिथं बसलो. हजेरी गेली. हेडमास्तरांचं ऐकून घ्यावं लागलं. संध्याकाळी परतताना त्या फरशीचा एक कोपरा खचलेला दिसला.

शनिवारी शाळा लवकर सुटायची. तेव्हा ते मला कपाशी निघालेल्या मोकळ्या वावरात गाडी चालवायला लावायचे. लग्नाआधी मी लायसन काढलं होतं, नंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. "मला कशाला, आप्पा? मला घरी जाऊन पडायचंय," मी म्हणायचे.

"मला रस्त्यात काही झालं तर कोण नेईल? बसा."

या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती आपोआप मंद होते आणि तेवढी वीज परत बॅटरीत जाते. मला त्याची सवय नव्हती. मी पाय झटकन काढायचे आणि आम्ही दोघं पुढं आपटायचो. आप्पा शांतपणे सांगायचे, "पाय आस्ते उचला. आंड्यावरनं उचलल्यागत." एकदा मी जोरात दाबलं तसं पेट्रोलचं इंजिन एकदम घुरघुरत चालू झालं आणि मी घाबरून दोन्ही हात सोडले. ते हसले नाहीत. "ती मदतीला आली," म्हणाले. "दचकायचं न्हाई. परत."

तात्यांचं झालं ते उन्हाळ्यात.

तात्या म्हणजे केदारखेड्यातले मेंढरं राखणारे म्हातारे, आप्पांच्याच वयाचे. त्यांची मेंढरं खतासाठी आप्पांच्या वावरात बसायची. दोघं लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आप्पांनी मला घेतलं आणि आम्ही गावातल्या गल्लीतून निघालो. गाडी बॅटरीवर होती. आप्पांना गावातून तसं जायचा अभिमान होता, धूर नाही, आवाज नाही. पुढं तात्या चालले होते, त्यांच्यापुढं आठ-दहा मेंढरं. आप्पांनी हॉर्न दिला नाही. हॉर्ननं मेंढरं बुजली तर गल्लीत चेंगरतील. ते तात्यांच्या मागून पायी चालल्यासारखे येत राहिले, गल्ली रुंद होईपर्यंत.

एक मेंढी मागं वळली. ती का वळली म्हणून तात्याही वळले, आणि त्यांना हातभर अंतरावर गाडीचं तोंड दिसलं. आप्पांचा पाय तोवर ब्रेकवर होता, गाडी थांबलेली होती. पण तात्या दचकून मागं सरकले, टाच नालीच्या कडेवर पडली आणि ते आडवे झाले. काठी लांब उडाली.

मला अजून ऐकू येतं. आप्पा म्हणाले, "पी. ब्रेक. बंद." आणि मग धावले.

"आरं, कुठून आलास रं तू?" तात्या जमिनीवरून विचारत होते. दुखण्यापेक्षा त्यांना त्याचंच नवल वाटत होतं. "आवाज न्हाई, काही न्हाई."

"मागंच होतो, तात्या. तुझ्या मागंच होतो मी."

"मंग मला कसं कळलं न्हाई?"

माणसं जमली. कुणी म्हणालं, टाका गाडीत. आप्पांनी उचलू दिलं नाही. पाय वेडावाकडा पडला होता. रुग्णवाहिका येईपर्यंत ते उन्हात तात्यांच्या डोक्यावर स्वतःचा पंचा धरून उभे राहिले. मी त्यांच्या हातातून पंचा घ्यायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

खुबा मोडला होता. जालन्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. बाहेर बाकावर तात्यांची सून बसली होती. आप्पा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

ती म्हणाली, "गाडी लागली न्हाई, मामा. सगळ्यांनी बघितलंय. त्यांचा पाय घसरला. आमचं काही म्हणणं न्हाई तुमच्यावर."

"माझं हाय," आप्पा म्हणाले.

तात्या वाचले, पण चौपायी वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जाणं एवढंच त्यांचं चालणं उरलं. मुलगा जालन्यात सळईच्या कारखान्यात. मेंढरांमागं जायला कुणी नव्हतं. ती विकली. गिऱ्हाईक न्यायला आलं तेव्हा तात्या घरात भिंतीकडं तोंड करून निजले होते, असं सुनेनं आप्पांना सांगितलं आणि आप्पांनी ते मला सांगितलं, गाडीत नाही, घराच्या पायऱ्यांवर बसून. कारण गाडी त्यांनी उभी करून ठेवली होती. ते एसटीनं शेतावर जायचे, मीही एसटीनं. एकाच बसमध्ये असायचो.

मग एका सकाळी खालून पेट्रोल इंजिनचा आवाज आला. मी उतरले तर आप्पा गाडीभोवती फिरत होते. मस्तगडच्या गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ते इंजिनवरच आले, घुर्रघुर्र करत. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी बटण दाबलं आणि गाडी गप झाली. बॅटरीवर केदारखेड्याच्या वेशीपर्यंत. वेशीत परत बटण, परत इंजिन.

"हे उलटं नाही का, आप्पा?"

"उलटंच हाय."

सगळी दुनिया गावात बॅटरी आणि हायवेला पेट्रोल वापरते. हळू चालताना बॅटरी परवडते, म्हणून तर ही गाडी. मुलीनं व्हिडिओ कॉलवर डोकं धरलं. "आप्पा, त्यासाठी नाहीये ती गाडी! पेट्रोल किती जाईल?"

"जाऊ दे. खर्चा माझा हाय."

"आता नव्या गाड्यांना आवाजाचं यंत्र असतं. तसलं बाहेरून बसवून घ्या ना."

ते त्यांनी करून बघितलं. गॅरेजवाल्यानं एक भोंगा बसवून दिला. हळू चालवलं की त्यातून किणकिण वाजायचं. पहिल्याच दिवशी केदारखेड्यात चार घरांतून बाया लेकरांना घेऊन बाहेर आल्या, कुल्फीवाला आला समजून. आप्पांनी संध्याकाळी भोंगा काढून टाकला. "गाडीनं गाडीगत वाजावं," म्हणाले.

गावात त्यांना 'उलटे आप्पा' म्हणू लागले. पोरंटोरं नाही, त्यांच्या बरोबरीचे लोकच म्हणायचे, तोंडावर. आप्पा मान डोलवायचे. रोज तात्यांच्या ओट्यापाशी गाडी थांबायची. वळणावर इंजिन ऐकू आलं की तात्या ओट्यावरूनच ओरडायचे, "आला, आला खटारा!" मग आप्पा पी, ब्रेक, बंद करून त्यांच्याशेजारी जाऊन बसायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. ढग, कपाशीचा भाव, कुणाच्या पोरीचं जमलं. आठवड्यातून एकदा तात्यांना गाडीत बसवून माळाकडं फिरवून आणायचे. खिडकी खाली करून तात्या दुसऱ्याची मेंढरं बघत बसायचे. मी मागच्या सीटवर डोकं टेकून वाट बघायचे. घरी सासूबाईंची औषधाची वेळ टळत असायची. पण चला म्हणवत नव्हतं.

असं पावसाळा संपून थंडीपर्यंत चाललं. मग एका सकाळी राजूर ओलांडल्यावर, डावीकडच्या शेतातून एक मोटारसायकल रस्त्यावर आली. ती मला लांबून, बाभळीपाशी असल्यापासून दिसत होती. आप्पा गाडी हळू करतील म्हणून मी गप्प होते. ते हळू करेनात.

"आप्पा!" मी ओरडले.

त्यांनी ब्रेक दाबला. मोटारसायकलवाला आमच्या नाकासमोरून गेला, वळून शिवी घातली आणि दिसेनासा झाला. आप्पांनी गाडी कडेला घेतली. "पी. ब्रेक. बंद." मग माझ्याकडं वळले.

"बाई, ती तुमाला कवा दिसली?"

"बाभळीपाशी होती तेव्हाच."

"मला दिसलीच न्हाई." त्यांनी उजवा डोळा हातानं झाकला, समोर बघितलं, मान न वळवता डावा हात बाजूला लांब धरून बोटं हलवली. बोटं दिसेपर्यंत हात हळूहळू पुढं आणला. बराच पुढं आणला. "डाव्या अंगाला कवाचं धुकं हाय," ते म्हणाले. "मला वाटलं, सकाळचं हाय."

बाहेर लख्ख ऊन होतं.

ते उतरले, बॉनेटला हात लावत लावत पुढून फिरून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं. "तिकडं बसा तुम्ही."

"आप्पा, मला मोठ्या रस्त्यावर जमणार नाही."

"जमंल. जल्दी करायची न्हाई. रस्ता कुठं पळून चाललाय?"

मी चालवली. राजूरपासून केदारखेड्यापर्यंत माझे खांदे कानाला लागले होते. आप्पा शेजारी, हात मांडीवर. फक्त वेशीत म्हणाले, "आता इंजन." मी बटण दाबलं. ओट्यावरून तात्या ओरडले, मग मला स्टिअरिंगवर बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येत नाही. औषधानं उरलेली टिकेल. औषधाची बाटली हातात घेऊन आप्पा घरी आले आणि माईंना म्हणाले, "मी आजपासून गाडी चालवत न्हाई." माई शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले. "बरं," म्हणाल्या, आणि परत शेंगा फोडू लागल्या. मी जिन्यात उभी होते, वर जायचं सुचेना. ज्या माणसाला कुणी अडवू शकत नव्हतं, त्यानं स्वतःलाच अडवलं होतं, आणि ते इतक्या साध्या आवाजात की माईंनासुद्धा रडायला जागा मिळाली नाही.

त्या संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली. आप्पा कधी वर येत नसत, गुडघे दुखायचे. कठड्याला धरून दम घेत उभे होते, मागं माई.

"सासूबाईंचं झालं का?"

"झालं."

"तुमचं जेवण?"

"झालं. भांडी राहिलीत, आणि थोड्या वह्या."

"त्या ऱ्हाऊ द्या." ते म्हणाले. "उद्या तुमाला चालवायचंय. तुमची झोप झाली न्हाई तर मी गाडीत बसणार न्हाई. रोज बघतो, मागच्या सीटवर डोळे लागतेत तुमचे. आतापरेंत मी चालवत होतो, चालून गेलं."

नवरा फोनवर आईचं विचारायचा, पगाराचं विचारायचा. सासूबाईंना बोलता येत नव्हतं. हेडमास्तर हजेरी विचारायचे. झोप झाली का, हे मला किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते मला आठवेना.

माई मला बाजूला सारून आत गेल्या, पदर खोचला आणि मोरीपाशी बसल्या. आप्पा दारातच उभे राहिले, मी आत जाऊन अंथरुणावर पडेपर्यंत. भांड्यांचा आवाज येत होता. खाली कुणाच्यातरी घरात बातम्या लागल्या होत्या. मी डोळे मिटले.